पोरांना घेऊन बेसबॉलला: नऊ नव्हे, पाच इनिंगचा बेत

माझी लेक साडेतीन वर्षांची असताना आम्ही तिला पहिल्यांदा सॅन फ्रान्सिस्को जायंट्स संघाच्या घरच्या मैदानावर, ओरॅकल पार्कला मॅच दाखवायला नेलं. तिकिटं स्वस्त मिळाली म्हणून ब्लीचर्समध्ये, म्हणजे बॅटरच्या समोर पार मैदानापलीकडच्या बाकांवर बसलो. दुपारचं ऊन थेट डोळ्यांत. टोपी घरी विसरलेली. तिसरी इनिंग संपायच्या आत लेकीनं असा भोकाड पसरला की पुढच्या रांगेतल्या एका आजीबाईंनी वळून आपल्याजवळची बिस्किटं तिच्या हातात दिली. आम्ही बाडबिस्तरा आवरून बाहेर पडलो. परतीच्या गाडीत नवरा म्हणाला, "आता ही दहा वर्षांची झाली की बघू."

दहा वर्षं काही थांबलो नाही, पुढच्याच उन्हाळ्यात परत गेलो. आता लेक सहाची आहे आणि दर मोसमात आमच्या दोन-तीन दुपारी तिथे जातात. सनीव्हेल, फ्रीमॉन्ट, सॅन होजेकडची मैत्रमंडळी "कसं करता तुम्ही?" असं विचारतात, त्यांना सांगते तेच इथे सविस्तर लिहिलंय. स्टेडियम मला माहीत असलेलं आहे. तुम्ही दुसऱ्या गावात असाल तर गाडीची आणि दरवाजांची नावं बदला, बाकी पोरं सगळीकडे सारखीच.

आधी बेत ठरवा, तिकीट नंतर

मॅच नऊ इनिंगची (एका इनिंगमध्ये दोन्ही संघ एकेकदा बॅटिंग करतात) असते. पाच वर्षांच्या मुलाची साधारण पाच इनिंगची. हा हिशोब मनाशी पक्का असेल तर अर्धी भांडणं तिथेच मिटतात. पूर्वी मॅच तीन तासांच्या पुढे सहज जायची. २०२३ पासून पिचरला चेंडू टाकण्यासाठी घड्याळ लावलं आणि २०२२ मध्ये तीन तास चार मिनिटं असलेली सरासरी एकदम दोन तास चाळीस मिनिटांवर आली. म्हणजे एक इनिंग साधारण अठरा मिनिटांची आणि पाच इनिंग दीड तासाच्या. मुलांचं नाटक किंवा वाढदिवसाची पार्टी एवढीच चालते. पाच झाल्यावर पोर मजेत असेल तर सहावी, सातवी बोनस. नसेल तर निघायचं, आणि निघताना "पैसे वाया गेले" हे वाक्य कोणी तोंडातून काढायचं नाही, विशेषतः बाबांनी.

दुपारचीच मॅच घ्या. रात्रीची मॅच पोरांच्या झोपेच्या वेळेला ऐन रंगात येते, शिवाय खाडीवरून येणारा सॅन फ्रान्सिस्कोचा वारा जुलैतही हाडात शिरतो. दुपारच्या मॅचेस एकच्या आसपास सुरू होतात. मोसमात प्रत्येक संघ १६२ सामने खेळतो, त्यातले ८१ घरच्या मैदानावर, त्यामुळे अमुकच मॅच हवी असा हट्ट धरायचं कारण नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीतली बुधवार-गुरुवारची दुपार सर्वात बरी: तिकिटं स्वस्त, रांगा लहान. तिकिटांचे दर समोरचा संघ पाहून वर-खाली होतात. लॉस एंजेलिसचे डॉजर्स येणार असतील तर लहान मुलांना घेऊन जाऊ नका. ते हाडवैर जुनं आहे, गर्दी तुंबळ आणि आरडाओरडा मोठ्यांच्या भाषेतला.

मूल चारच्या आतलं असेल तर मी सरळ सांगेन, आधी सॅन होजे जायंट्सच्या मॅचला जा. खालच्या लीगचा संघ, १९४२ सालचं छोटं स्टेडियम, खेळाडू हाकेच्या अंतरावर, आणि दोन इनिंगच्या मध्ये पोरांना हसवायला काहीतरी गंमत चाललेलीच असते. तिथे मूल रडलं तर कोणी वळूनही बघत नाही, कारण निम्मी मुलं रडतच असतात.

अजून एक युक्ती, पूर्ण फुकट. ओरॅकल पार्कच्या उजव्या भिंतीमागे पाण्याला लागून फरसबंद वाट आहे. त्या भिंतीच्या कमानींतल्या जाळीतून रस्त्यावरची माणसं मॅच बघू शकतात. गर्दी असली तर थोड्या वेळानं दुसऱ्यांना जागा द्यावी लागते, पण पोराला हे प्रकरण आवडतंय का हे चाचपायला वीस मिनिटं पुरतात.

बसायचं कुठे

जाळीच्या मागे. यात तडजोड नको. होम प्लेटच्या, म्हणजे बॅटर उभा राहतो त्या जागेच्या मागे आणि दोन्ही बाजूंना डगआऊटच्याही (संघ बसतो त्या जागेच्याही) पुढपर्यंत आता जाळी असते. तिच्या बाहेर ताशी शंभर मैलांहून जास्त वेगानं फाऊल, म्हणजे बॅटला लागून भलतीकडे गेलेला चेंडू येऊ शकतो, आणि पाच वर्षांचं मूल तेव्हा नेमकं शेंगा सोलत असतं. मैदानाला लागून असलेली, जाळीबाहेरची जागा कितीही हौसेची वाटली तरी ती मूल दहाचं झाल्यावर.

दुसरं, जागा रांगेच्या टोकाला हवी. दीड तासात किमान तीनदा उठावं लागेल; दर वेळी आठ जणांच्या गुडघ्यांवरून जाण्यात कोणालाच मजा नाही. तिसरं, सावली. वरच्या मजल्याचं छप्पर डोक्यावर येईल अशा मागच्या रांगा शोधा. खेळ थोडा लांबून दिसतो, पण मुलाला तसाही खेळ लांबूनच दिसतो. त्याचं लक्ष पुढच्या माणसाच्या टोपीवर असतं. सर्वात वरचा मजला उंच आणि चांगलाच उभा आहे. पायऱ्यांवर पळणारं पोर असेल तर तो टाळा.

पिशवीत काय

ओरॅकल पार्कमध्ये घरचं खाणं नेता येतं, ही मोठीच सोय. पिशवीचा आकार आणि सॅकबद्दलचे नियम मात्र कडक असतात आणि बदलतातही, म्हणून निघायच्या आदल्या दिवशी संघाच्या संकेतस्थळावर एकदा बघा. मी एक मऊ कापडी पिशवी नेते. तिच्यात प्रत्येकाची टोपी, सनस्क्रीन, पाण्याची बाटली, ओले रुमाल, एक जादा चड्डी-पँट आणि प्रत्येकासाठी जॅकेट. हो, उन्हात जातानाही. ढग आला किंवा वारा फिरला की पाच मिनिटांत पोराचे ओठ निळे पडतात.

खायला पराठ्याची गुंडाळी किंवा थालीपीठाचे तुकडे उत्तम. चिवडा नेऊ नका, मी नेला होता. एक झुळूक आली आणि पोहे मागच्या दोन रांगांतल्या लोकांच्या डोक्यावर अक्षता पडाव्यात तसे पडले. विकतचं घ्यायचंच तर भाजलेल्या शेंगांची पिशवी घ्या. आपल्या पोरांना भुईमुगाच्या शेंगा नवीन नाहीत, पण टरफलं पायाखाली टाकली तरी कोणी ओरडत नाही याचं अप्रूप त्यांना फार. ॲलर्जी असेल तर शेजारच्या रांगेतही शेंगाच असणार हे धरून चला. शाकाहारी घरांसाठी लसणीचे फ्राईज आहेत. इथली ती खासियत आहे, वास अख्ख्या गॅलरीत पसरलेला असतो आणि एका खोक्यात तिघांचं भागतं. पैसे कार्डानं द्यायचे, रोख चालत नाही.

जाणं

गाडी नेऊ नका. पार्किंगचे दर वाचून मॅचवरचं मन उडतं. आम्ही सनीव्हेलहून कॅलट्रेन पकडतो. सप्टेंबर २०२४ पासून विजेच्या गाड्या धावतात. त्या दुमजली आहेत आणि वरच्या मजल्यावर बसायला मिळालं की लेकीची निम्मी सहल तिथेच वसूल होते. तिकीट फलाटावरच काढा किंवा क्लिपर हे प्रवासाचं कार्ड लावा, गाडीत मिळत नाही. शेवटचं स्टेशन फोर्थ अँड किंग, तिथून दहा मिनिटं चालत. फ्रीमॉन्टकडून येणाऱ्यांनी बार्टनं, म्हणजे इथल्या मेट्रोनं एम्बार्कडेरोला उतरून 'एन' मार्गाची ट्राम घ्यावी.

पोरांचं दुपारचं जेवण गाडीतच उरका. भुकेल्या पोटी स्टेडियममध्ये शिरलेलं मूल समोर दिसेल ते मागतं, आणि तिथे समोर दिसण्यासारखं भरपूर असतं.

मॅचच्या तासभर आधी पोचा, त्याहून लवकर नको. थोरली मंडळी फलंदाजीचा सराव बघायला लवकर जातात, पण आदल्या रात्री मॅच झालेली असेल तर दुपारच्या मॅचआधी तो सराव बरेचदा होतच नाही. त्यापेक्षा मुख्य दरवाजासमोरच्या चौकात थांबा. तिथे जायंट्सचा थोर खेळाडू विली मेज याचा पुतळा आहे. त्याचा शर्टाचा क्रमांक २४, म्हणून चौकात ताडाची झाडंही २४. आमच्याकडे ती मोजणं हा प्रवेशाचा विधीच झालाय. आत गेल्यावर उजवीकडची भिंतही २४ फूट उंच आहे, हे पोराला सांगून ठेवा. ते दिवसभर शेजारच्या अनोळखी माणसांना ऐकवत बसतं.

आत शिरल्यावरची पहिली दहा मिनिटं

जागेवर जायच्या आधी तीन कामं. मुलाच्या दंडावर पेनानं तुमचा फोन नंबर लिहा. मुलाचा आजच्या कपड्यांत एक फोटो काढा, हरवलं तर "निळा शर्ट होता की हिरवा" हे आठवत बसावं लागत नाही. आणि अंगावर स्टेडियमचा गणवेश असलेला माणूस कसा दिसतो ते दाखवून सांगा: "आई दिसली नाही तर हलायचं नाही, असा शर्ट घातलेल्या काकूंना सांगायचं." पाठोपाठ मदत कक्षात जा आणि मुलाची पहिलीच मॅच असेल तर त्याचं प्रमाणपत्र मागा. फुकट मिळतं, आणि आमच्या फ्रिजवर ते अजून आहे.

मग डाव्या मैदानामागच्या मोठ्या बाटलीकडे. बाटलीच्या पोटात घसरगुंड्या आहेत आणि शेजारी जुन्या काळच्या हातमोज्याची अवाढव्य प्रतिकृती. इथे मुलाला आधीच न्या. एकदा ही जागा दिसली की मॅच चालू असताना दर पाच मिनिटांनी "परत कधी जायचं?" हा प्रश्न येतो. आधी दोनदा घसरून झालं की "आता तिसऱ्या इनिंगनंतर" हे उत्तर खपतं.

खेळ समजावताना

इथे आपण मराठी आईबाप हमखास गोता खातो. आपल्याला क्रिकेट येतं, म्हणून आपण क्रिकेटवरून बेसबॉल समजावायला जातो. पण इथे जन्मलेल्या पोराला क्रिकेट तरी कुठे येतंय? आपण एक न समजणारी गोष्ट दुसऱ्या न समजणाऱ्या गोष्टीनं समजावतो. माझ्या नवऱ्यानं पहिल्या मॅचला चाळीस मिनिटं हेच केलं.

मला वाट सापडली ती आपल्या पकडापकडीत. तीन शब्द पुरतात.

पहिला, राज्य. "हे मैदानात पसरलेत ना, त्यांच्यावर राज्य आलंय. तिघांना आऊट केलं की राज्य उतरलं, मग ते बॅटिंगला." अख्ख्या इनिंगचं गणित एवढंच. धावफलकावर 'ओ' अक्षरापुढे आऊट दिसतात. मुलाला फक्त तेच बघायला सांगा. 'बी' आणि 'एस' पुढच्या वर्षी.

दुसरा, भोज्जा. मैदानावरच्या त्या पांढऱ्या चौकोनी गाद्या म्हणजे भोज्जा. भोज्जावर पाय असला की कोणी काही करू शकत नाही. पाय सुटला आणि चेंडू धरलेल्या हातानं शिवलं की आऊट. पहिल्या भोज्जाला मात्र वेगळा नियम: बॅटरच्या आधी चेंडू तिथे पोचला की न शिवताच आऊट. सहा वर्षांच्या मुलाला हे लगेच कळतं, कारण शाळेच्या मैदानावर ते रोज हेच खेळतं.

तिसरा, घर. जिथे बॅटर उभा राहतो ती पाटी पंचकोनी असते, मुलं कागदावर घर काढतात अगदी तशी, आणि तिचं नावही घरच. घरातून निघायचं, ९० फुटांवरच्या पहिल्या भोज्जाला शिवायचं, तिथून तेवढ्याच अंतरावर दुसरा, मग तिसरा, आणि परत घरी. सुखरूप घरी आला की एक रन. लेक आता प्रत्येक धावणाऱ्यासाठी ओरडते, "घरी ये! घरी ये!" आजूबाजूचे अमेरिकन बघत राहतात, पण सूर बरोबर लागलेला असतो.

एवढ्यावर थांबा. फाऊल, वॉक, चोरलेला बेस हे विचारलं तरच सांगा. गेल्या वर्षी पुण्याहून आलेले माझे सासरे सोबत होते. चेंडू बॅटच्या कडेला लागून मागे गेला की फुकट, हे त्यांना काही केल्या पटेना. "म्हणजे इतका सुंदर लेट कट वाया?" हो, वाया. क्रिकेटमध्ये चेंडू चहूकडे मारता येतो, इथे समोरच्या पाव वर्तुळातच. "आणि मारल्यावर पळायलाच हवं? थांबायची सोय नाही?" नाही. त्यांनी सुस्कारा सोडला आणि नातीबरोबर सीगल मोजायला लागले.

सीगल मोजणं हाही कार्यक्रम आहे बरं का. मॅच संपत आली की खाडीवरचे पक्षी गॅलरीतल्या उष्ट्यावर डोळा ठेवून थव्यानं येतात. कंटाळलेल्या पोराला यासारखा उतारा नाही. दुसरा उतारा म्हणजे पाणी. उजव्या भिंतीपलीकडे मकोव्ही कोव्ह आहे, तिथे लोक छोट्या होड्यांत बसून होम रनचा, म्हणजे मैदानाच्या भिंतीपलीकडे मारलेला चेंडू पाण्यात पडण्याची वाट बघत असतात. जायंट्सच्या खेळाडूचा फटका थेट पाण्यात पडला तर तो वेगळा मोजतात; पहिला मान बॅरी बॉन्ड्सचा, १ मे २०००. तुमच्या दुपारी पडेलच असं नाही, पण होड्या दिसतात. जायंट्सनं होम रन मारला की भोंगा वाजतो आणि भिंतीवरून कारंजी उडतात. आवाजाला घाबरणारं मूल असेल तर हे आधी सांगून ठेवा, कानांवर घालायची आवरणंही न्या.

मधली उठबस

शू-शीला दोन इनिंगच्या मध्ये जाऊ नका, तेव्हा सगळेच जातात. खेळ चालू असताना जा. जाता-येताना मात्र एक शिष्टाचार पाळा: बॅटरचा डाव चालू असेल तर जिन्याच्या वर थांबायचं, तो संपला की उतरायचं. मुलांना हे थांबणं आवडतं, वाहतूक पोलीस झाल्यासारखं वाटतं.

मुलाला हातमोजा घेऊन द्यायचा का? घरी असेल तर न्या. तिसरा आऊट झाला की डगआऊटकडे परतणारा खेळाडू कधी कधी हातातला चेंडू गॅलरीतल्या पोराकडे उडवतो. त्यासाठी इनिंग संपता संपता खालच्या रांगांपर्यंत जाऊन उभं राहिलं तर संधी असते. पण "दे ना, दे ना" करायला शिकवू नका, आणि शेजारच्या लहानग्याला मिळाला तर टाळ्या वाजवायला आधीच तयार ठेवा. आमच्या लेकीला आजवर एकही मिळालेला नाही. तिसऱ्या खेपेला तिनं स्वतःच ठरवलं की चेंडू जड असतो, नकोच.

निघणं

एकदा बाहेर पडलं की परत आत सोडत नाहीत, म्हणून निघायचा निर्णय दरवाजात नव्हे, जागेवर घ्या. पाचवी संपताना मुलाला विचारा, पण "कंटाळा आला का?" असं नको. त्याला "नाही" हे एकच उत्तर येतं, डोळे मिटत असले तरी. "घसरगुंडी करून जायचं की अजून एक राज्य बघायचं?" असं विचारा. दोन्ही उत्तरांत तुमचं काम होतं.

मूल सातव्या इनिंगपर्यंत टिकलं तर तिच्या मधल्या विश्रांतीपर्यंत नक्की थांबा. सगळं स्टेडियम उभं राहून १९०८ सालचं एक गाणं म्हणतं, ज्यात शेंगदाण्यांचाही उल्लेख आहे. आपल्या हातात शेंगांची पिशवी असते, त्यामुळे गाणं आपल्यावरच लिहिलंय असं पोरांना वाटतं. ते संपताच निघा. मॅच संपल्यावर फोर्थ अँड किंगला माणसांचा पूर येतो. तुम्ही अर्धा तास आधी पोचलात तर वरच्या मजल्यावर जागा मिळते. पालो आल्टो यायच्या आत मूल मांडीवर झोपलेलं असेल. त्याला उठवायला लागणार नाही असं स्टेशनवरून घरी जाण्याचं वाहन आधीच ठरवून ठेवा.

दुसऱ्या दिवशी

हे शेवटचं काम लोक विसरतात, आणि खेळ खरा डोक्यात बसतो तो इथेच. संध्याकाळी बैठकीच्या खोलीत मोज्यांचा गोळा करून चेंडू बनवा, बॅट म्हणून वर्तमानपत्राची सुरळी. पायपुसणं म्हणजे घर, उशा म्हणजे भोज्जे. आमच्याकडे दुसरा भोज्जा फ्रिजचा आहे. फ्रिजपाशी गेल्यावर पाय सुटला तरी कोणाला आऊट करता येत नाही, असा नियम लेकीनं केलाय, आणि आजोबा मुक्कामाला असतात तेव्हा त्याचा फायदा घेऊन लाडू खात उभे असतात.